किती थांबावे, कुणासाठी?

तह, समेट, सलोखा असले शब्द कानांवर पडले की आपल्या डोळ्यांपुढे दोन मोठी माणसे उभी राहतात. त्यांनी एकमेकांचे हात हातांत घेतलेले असतात, मागे ध्वज असतात, आणि छायाचित्रकारांचे दिवे लखलखत असतात. परंतु ही दोन माणसे एका दिवशी एका टेबलाशी कशी आली, आधी कोण बोलले आणि मागून कोण, कोणता प्रश्न सोमवारी घेतला आणि कोणता पुढच्या महिन्यावर ढकलला, हे सारे कुणी ठरवले ह्याची विचारपूस फारसे कुणी करीत नाही. ते काम कारकुनी समजले जाते. मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की, राजकारणातला एक फार अवघड नैतिक प्रश्न ह्या कारकुनीतच दडलेला आहे. सर्वांना बरोबर घेऊन जायचे म्हणून किती थांबावे, आणि कुणासाठी थांबावे, हा तो प्रश्न.

व्हिएतनामच्या युद्धात पॅरिसला वाटाघाटी व्हायच्या होत्या, तेव्हा १९६८ च्या अखेरीस कित्येक आठवडे टेबलाच्या आकारावरून बोलणी अडून राहिली. टेबल गोल असावे, लांबट असावे, की दोन असावीत? अखेर १९६९ च्या जानेवारीत गोल टेबल आणि त्याच्या दोहो अंगांना दोन लहान टेबले अशी तडजोड निघाली. तिकडे माणसे मरत आहेत आणि हे सुतारकाम कसले करीत बसले आहेत, म्हणून जग हसले. हसण्याजोगे ते होतेच. पण त्या लाकडाच्या आकारात एक प्रश्न होता, आणि तो हसण्याजोगा नव्हता. दक्षिणेतील बंडखोरांची आघाडी हा स्वतंत्र पक्ष धरायचा की उत्तरेच्या सरकारचे शेपूट? ज्याला वेगळी बाजू मिळाली तो वेगळा ठरला. तत्त्व म्हणून जे तोंडाने कबूल करता येत नाही, ते पुष्कळदा बैठकीच्या मांडणीत गुपचूप कबूल केलेले असते.

मास्तरकी करणाऱ्याला हे चटकन उमगते. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. पण शाळेचे वेळापत्रक आखण्याचे काम मात्र पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्या कागदाने मला जे शिकवले ते पुस्तकांनी शिकवले असते की नाही, कोण जाणे. गणित पहिल्या तासाला आणि चित्रकला शनिवारी शेवटच्या तासाला, हा आमच्या शाळेचा फार जुना प्रघात. चित्रकला हा दुय्यम विषय आहे असा ठराव कुणी कधी मांडला नाही आणि संमतही केला नाही. चित्रकलेच्या बाई एकदा हेडसरांना म्हणाल्या, "सर, माझा विषय तुम्ही काढून टाका म्हणत नाही, पण मुलांचे डोळे घंटेकडे लागलेले असताना त्यांनी रंग बघायचे तरी कशाने?" हेडसर म्हणाले, "बाई, कुणाला तरी शेवटचा तास घ्यावाच लागणार." दोघांचेही खरे होते. जो कुणी वेळापत्रक आखतो, तो आपली मते न बोलता सांगत असतो. आणि शेवटचा तास कुणाला तरी द्यावाच लागतो, ही त्याची अडचणही खोटी नसते.

हा प्रश्न माणसांच्या जिवाशी कसा येऊन भिडतो ते पाहायचे, तर दक्षिण आफ्रिकेची गोष्ट पाहावी. १९९० च्या फेब्रुवारीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठली आणि नेल्सन मंडेला सुटले. २० डिसेंबर १९९१ रोजी जोहान्सबर्गच्या विमानतळाजवळ केम्प्टन पार्क येथे १९ पक्ष व संघटना ह्यांची परिषद भरली. तिला 'कोडेसा' म्हणत. पहिल्याच दिवशी क्रमाचा प्रश्न आला. अध्यक्ष डी क्लर्क ह्यांनी आपल्याला सर्वांत शेवटी बोलू द्यावे अशी इच्छा कळवली होती, आणि मंडेलांनी ती मान्य केली होती. शेवटच्या त्या भाषणात डी क्लर्क ह्यांनी काँग्रेसच्या सशस्त्र दलावरून तिच्यावर कडक टीका केली. शेवटच्या भाषणाला उत्तर नसते, हा सभेचा रिवाज. मंडेला पुन्हा व्यासपीठावर गेले आणि त्यांनी त्या टीकेला तितकेच कडक उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी दोघांनी हस्तांदोलन केले, बोलणी पुढे चालली. पण शेवटचा शब्द कुणाचा, हा कार्यक्रमपत्रिकेतला एक क्षुल्लक रकाना किती ज्वालाग्राही असतो, ते साऱ्या देशाने त्या दिवशी पाहिले.

त्या परिषदेने पाच कार्यगट नेमले. सगळ्यांनी आपापले काम संपवावे, मग सर्वांचे मिळून एक गाठोडे बांधावे, अशी योजना होती. १९९२ च्या मे महिन्यात दुसरे अधिवेशन भरले तेव्हा एका गटात, नवी घटना संमत करायला शेकडा ७० मते हवीत की ७५, ह्यावर बोलणे तुटले. आणि एक गट अडला म्हणून सारेच अडले. पुढच्या महिन्यात बोइपाटोंग वस्तीत रात्री हल्ला होऊन ४० हून अधिक माणसे मारली गेली, आणि काँग्रेसने बोलण्यांतून अंग काढून घेतले. सप्टेंबरात बिशो येथे मोर्चावर गोळीबार होऊन आणखी माणसे पडली. त्यानंतर दोन्ही मोठ्या पक्षांना पुन्हा एकत्र बसण्याचे शहाणपण सुचले.

१ एप्रिल १९९३ रोजी त्याच इमारतीत २६ पक्षांनी पुन्हा सुरुवात केली. 'कोडेसा' हे जुने नाव काहींना नको होते, म्हणून 'बहुपक्षीय वाटाघाटींची प्रक्रिया' असे रुक्ष नाव चालू ठेवावे लागले. ह्या खेपेस रचना निराळी होती. सर्वांची मिळून एकच वाटाघाटी परिषद. तिच्यापुढे मसुदे मांडायला तज्ज्ञांच्या समित्या. आणि ह्या साऱ्याला वेळेच्या दोरीत ओवायला एक लहानशी नियोजन समिती. सिरिल रामाफोसा, रोल्फ मेयर, जो स्लोव्हो असे लोक त्या समितीवर होते. परिषदेपुढे कोणता विषय कधी यावा, कोणता मसुदा कुणाकडे परत पाठवावा, मतभेदाचे कलम आज उकरावे की चार दिवस झाकून ठेवावे, हे तिथे ठरे. पक्षांनी एकमेकांची भाषणे खोडण्याऐवजी तज्ज्ञांचा कागद खोडायचा, ही त्यातली मोठी युक्ती होती. कागदाचा पराभव झाला तर कुणाची मान खाली जात नाही.

ह्या समितीच्या हाताखाली रोजचा गाडा ओढणाऱ्यांत दोघांची नावे सांगितलीच पाहिजेत. एक मॅक महाराज. नाताळ प्रांतात जन्मलेला हा भारतीय वंशाचा माणूस. रॉबेन बेटावर त्याने १२ वर्षे कैद भोगली होती. दुसरे फानी व्हान डर मेर्वे. हे सरकारच्या तुरुंग खात्याचे महासंचालक राहिलेले. कैद्याचा सगळा दिवस दुसऱ्याच्या घंटेवर चालतो. केव्हा उठायचे, केव्हा खायचे, केव्हा पत्र लिहायचे, हे तुरुंग ठरवतो. ज्याचा वेळ असा हिरावला गेला होता तो, आणि ज्याच्या खात्याने असे वेळ हिरावले होते तो, असे दोघे शेजारी बसून एका देशाचे वेळापत्रक लिहीत होते. कादंबरीत मी असा योग जुळवून आणला असता, तर परीक्षकांनी मला कृत्रिमतेबद्दल धारेवर धरले असते.

बोलणी सुरू होऊन दहाच दिवस झाले होते. १० एप्रिल १९९३ रोजी ख्रिस हानी ह्या लोकप्रिय नेत्याचा त्याच्या घरासमोर खून झाला. देश पेटण्याच्या बेतात होता. रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना आता आश्वासनांनी थोपवणे शक्य नव्हते. त्यांना दिवस हवा होता, कॅलेंडरावर बोट ठेवून दाखवता येईल असा. जूनच्या प्रारंभी वाटाघाटी परिषदेने दिवस जाहीर केला, २७ एप्रिल १९९४. त्या दिवशी प्रत्येक प्रौढ नागरिक मत देईल.

त्या घटकेला हातांत काय होते? घटना नव्हती, निवडणुकीचा कायदा नव्हता, प्रांतांच्या सीमा आखलेल्या नव्हत्या. मुहूर्त काढला होता, मुलगी अजून पाहायची होती. जे आपल्या हातांत नाही त्याचे वचन देणे हा प्रामाणिकपणा आहे काय? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. आधी घटनेचे स्वरूप ठरू द्या, मग तारीख घाला, असे इंकाथा आणि तिच्या बाजूचे पक्ष म्हणत होते. तर्काच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूक नव्हते. आधी पाया, मग कळस, हे कोण नाकारील?

पण वेळेच्या बाबतीत तर्काखेरीज आणखी एक हिशेब असतो. आमच्या भागात एस.टी. गाडी शेतांमधून जाते. गाडी सुटता सुटता दूरच्या बांधावरून डोक्यावर गाठोडे घेतलेली एखादी म्हातारी हात वर करून येताना दिसते. "थांब रं बाबा," ती ओरडते. ड्रायव्हर थांबतो, थांबावेच. गाडीतले लोक जरा कुरकुरतात आणि सरकून तिला जागा देतात. दयेचे हे काम आहे, आणि त्याबद्दल त्या ड्रायव्हरला कुणी नावे ठेवू नयेत. पण गाडी जर दर बांधापाशी थांबली, तर पुढच्या फाट्यावर उन्हात उभी असलेली गरोदर बाई तासभर जास्त उभी राहते. ती ड्रायव्हरला दिसत नाही. जो दिसतो त्याच्यासाठी थांबणे सोपे असते. थांबण्याची किंमत जो दिसत नाही तो भरतो, आणि आपण थांबलो ह्याचे पुण्य आपल्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

दक्षिण आफ्रिकेत पुढच्या फाट्यावर उभे असलेले लोक कोण होते? १९९० ते १९९४ ह्या वाटाघाटींच्याच काळात राजकीय हिंसाचारात सुमारे १४,००० माणसे मरण पावली. केम्प्टन पार्कच्या सभागृहात एक दिवस पुढे ढकलणे म्हणजे इतिवृत्तात एक ओळ वाढणे. नाताळातल्या एखाद्या खेड्यात त्याच दिवसाचा अर्थ घर जळणे असा होता. नियोजन समितीला मतदारांनी निवडलेले नव्हते. त्या देशातल्या बहुसंख्यांनी तोवर आयुष्यात कधी मतच दिले नव्हते, तर ते निवडणार तरी कसे? असे असता त्या समितीला तारीख ठरवण्याचा अधिकार कुठला? मला वाटते, जे खोलीत नव्हते त्यांच्या वतीने घड्याळाकडे पाहण्याचे कर्तव्य होते, तेवढाच तिचा अधिकार. त्याहून अधिक तिने काही मागितले असते तर ती लबाडी ठरली असती.

आता कुणी म्हणेल, तारीख ठरवून ती पाळली म्हणजे झाले. तसेही नाही. अंगोलात १९९१ साली तह झाला. दोन्ही सैन्ये मोडून एक करायची आणि मग निवडणूक घ्यायची, असा क्रम त्यात होता. १९९२ च्या सप्टेंबरअखेर निवडणूक ठरल्या वेळी झाली. पण सैन्ये तशीच राहिली होती. हरलेल्या साविंबींनी निकाल झिडकारला, आणि युद्ध पुन्हा पेटले ते २००२ पर्यंत. तिथे तारीख पाळली गेली, क्रम मोडला. उलट पश्चिम सहारा पाहा. १९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी तिथे सार्वमत घेण्यासाठी पथक धाडले. जानेवारी १९९२ हा महिनाही ठरला. मग मतदार कोण, ह्याची यादी पूर्ण निर्दोष करण्यात वर्षांमागून वर्षे गेली. ते सार्वमत अद्याप झालेले नाही. अल्जीरियातल्या वाळवंटी छावण्यांत जन्मलेली मुले आईबाप झाली. एकाही माणसावर अन्याय होऊ नये म्हणून थांबल्याने सर्वांवर सारखाच अन्याय झाला.

केम्प्टन पार्कच्या लोकांनी तारीख धरली आणि तिच्यामागचा क्रमही धरला. २७ एप्रिलपासून उलटे मोजत यायचे; मतदानाआधी स्वतंत्र निवडणूक आयोग हवा, आयोगाआधी कायदा हवा, कायद्याआधी करार हवा. त्या हिशेबाने १९९३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कायदे झाले, १८ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी हंगामी घटना संमत झाली, आणि डिसेंबरात आयोग नेमला गेला. आयोगाला जेमतेम चार महिने मिळाले. मतदानाच्या वेळी कित्येक केंद्रांवर मतपत्रिका वेळेवर पोचल्या नाहीत, आणि काही भागांत मतदान एक दिवस वाढवावे लागले. सुबक काम ते नव्हते, पण झाले.

ह्या यशात एक काटा आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. निर्णय 'पुरेशा एकमताने' व्हावेत असा नियम होता. म्हणजे सर्वांनी हो म्हटले पाहिजे असे नाही. पुढे जाता येईल इतक्यांनी म्हटले की पुरे. इतक्यांनी म्हणजे कितींनी? प्रत्यक्षात दोन मोठे पक्ष एक झाले की ते पुरे होई. तारखेचा निर्णय असाच झाला. इंकाथा उठून गेली. तिच्या हातांत असलेले क्वाझुलूचे सरकार ह्या नियमाविरुद्ध न्यायालयात गेले, आणि तिथे त्याची डाळ शिजली नाही. २५ जून १९९३ रोजी कडव्या गोऱ्यांनी चिलखती गाडी घालून सभागृहाच्या काचा फोडल्या. त्या धुडगुसाला मी तक्रार मानीत नाही. पण इंकाथाच्या मागे लाखो झुलू माणसे होती. 'तुमच्यावाचून पुरेसे आहे' हे वाक्य कुणालाही ऐकायला लावणे हा अपमान आहे. आणि तो अपमान गरजेचा होता एवढ्याने तो अपमान राहत नाही असे नाही.

म्हणून मला ह्या साऱ्या कथेतला सर्वांत बोधप्रद भाग तारीख ठरण्याचा वाटत नाही. शेवटच्या पंधरवड्याचा वाटतो. १९९४ च्या एप्रिलच्या मध्याला हेन्री किसिंजर आणि लॉर्ड कॅरिंग्टन ह्यांच्यासारखे जगप्रसिद्ध मध्यस्थ येऊन पोचले. तारीखही चर्चेला घ्या, असे इंकाथाचे म्हणणे. तारीख सोडून काहीही बोला, असे दुसऱ्यांचे. दोन-तीन दिवसांत मध्यस्थ परत गेले. मागे राहिले केनियाचे वॉशिंग्टन ओकुमू. त्यांच्या खटपटीने १९ एप्रिलला, मतदानाला आठवडा उरला असताना, इंकाथाने भाग घ्यायचे कबूल केले. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. कोट्यवधी कागद पुन्हा छापायचे तर तारीख गेली. तेव्हा इंकाथाच्या नावाच्या चिकटपट्ट्या छापून त्या मतपत्रिकांच्या तळाशी डकवल्या गेल्या, आणि २५ एप्रिलला संसद भरवून कायद्यात त्याची सोय करण्यात आली.

ह्याच्यावरही आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. जे पहिल्या दिवसापासून टेबलाशी बसून तडजोडी करीत आले त्यांना जी जागा, तीच जागा रुसून बसलेल्याला शेवटच्या आठवड्यात! मग उद्या कोण वेळेवर येईल? वर्गात उशिरा येणाऱ्याला आत घेतो तेव्हा वेळेवर आलेली मुले माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर मला ठाऊक आहे. त्या नजरेत न्याय आहे. शिवाय इंकाथा बाहेर होती त्या महिन्यांत नाताळात रक्त सांडत होते. मार्चअखेर तिथे आणीबाणी पुकारावी लागली होती. ज्यांची माणसे गेली त्यांना ती चिकटपट्टी आडमुठेपणाचे बक्षीस वाटली असेल, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

तरीही मी त्या चिकटपट्टीच्या बाजूने आहे. उशिरा येणाऱ्यासाठी तास थांबवणे आणि उशिरा आला तरी त्याला बाकावर जागा ठेवणे, ह्या दोन गोष्टी आपण नेहमी एकच समजतो. पहिलीत इतरांचा वेळ त्याच्या मर्जीवर जातो. दुसरीत त्याचे त्याने गमावलेले असतेच. धडा अर्धा झालेला असतो, आणि नाव पटावर तळाशी असते. आडमुठ्यासाठी तारीख हलवली असती तर रोखण्याची शक्ती कायमची त्याच्या हातांत गेली असती. तारीख न हलवता त्याच्यासाठी कागदावर दोन बोटे जागा काढली, तेव्हा त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या लाखो निरपराध माणसांची मते वाचली. नेता रुसला म्हणून त्याच्या माणसांनी मतावाचून राहावे, ह्यात कोणता न्याय होता?

शहाण्या नियोजनाने एवढेच सांभाळावे असे मला वाटते. दिवस पक्का असावा आणि दार उघडे असावे. बहुतेक ठिकाणी आपण उलटे करतो. दार लावून घेतो आणि दिवस मात्र आज-उद्या म्हणत हलवीत राहतो. गावकीच्या बैठकीपासून राष्ट्रांच्या परिषदेपर्यंत हेच चालते. ज्याची समजूत घालायची तो समोर असतो म्हणून त्याचे मन मोडवत नाही, आणि ज्याचे हाल व्हायचे तो लांब असतो म्हणून त्याचे काही वाटत नाही.

त्या निवडणुकीत सुमारे १ कोटी ९७ लाख लोकांनी मत दिले. कित्येक जण सूर्योदयापूर्वीपासून रांगेत उभे होते, आणि त्यांतली पुष्कळशी म्हातारी माणसे आयुष्यात पहिल्यांदा मत देत होती. रांगा मैलोगणती लांब होत्या. तीही थांबलेलीच माणसे होती. परंतु कशासाठी आणि कधीपर्यंत थांबायचे ते त्यांना ठाऊक होते. माणूस पुष्कळ थांबू शकतो. किती, हे त्याला कुणी तरी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि सांगितल्यावर तो शब्द पाळला पाहिजे. ज्यांनी तो शब्द कॅलेंडरावर लिहिला त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. मतपत्रिकेच्या तळाशी डकवलेली ती पट्टी मात्र त्या देशाच्या इतिहासात कायमची राहिली आहे. जरा वाकडी, घाईघाईने चिकटवलेली, आणि तरीही वेळेवर.